झोंबरी हवा

"स्वेटर पुरे," असं मी इंग्लंडात, पोराच्या लेस्टरच्या घरातून निघतानाच जाहीर केलं. माघातल्या पहाटे, घोडच्या कॅनॉलच्या पाण्यात पोटरीपर्यंत उभं राहून उसाची दारं धरणाऱ्या काष्टीकराला मार्चमधल्या समुद्राची भीती कोण घालणार? पोरगा काही बोलला नाही. गुपचूप एक जाड जाकीट त्याने डिकीत टाकलं.

स्केग्नेसच्या किनाऱ्यावर मी गाडीचं दार उघडलं, ते वाऱ्याने लावून टाकलं. वाळूवर शंभर पावलं चाललो असेन, तेवढ्यात कान बधिर. "कसं वाटतंय अप्पा?" म्हटलं, "मस्त!" त्यातला 'म' तेवढा त्याच्यापर्यंत पोचला, बाकीचं वाऱ्याने नेलं.

ही हवा अंगात तरतरी आणते, अशी या गावाची ख्याती. ती केली एका रेल्वे कंपनीने. 1908 साली तिने जॉन हॅसल नावाच्या चित्रकाराकडून जाहिरात काढून घेतली : गमबूट घातलेला एक ढेरपोट्या कोळी किनाऱ्यावर उड्या मारत चाललाय. हॅसलला 12 गिनी मिळाल्या. आणि हा गृहस्थ स्केग्नेसला पहिल्यांदा आला कधी, तर 1936 साली!

माल न बघता वाखाणणी? आमच्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात हे खपलं नसतं. माझे वडील हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी. बैलाचा आधी जबडा उघडायचा. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, सगळं वय तिथे लिहिलेलं. मग खूर, मग वशिंड, मग चालवून बघायचा. एवढं झाल्यावर उपरण्याखाली हातात हात. एक बोट म्हणजे एक, मूठ म्हणजे पाच. शेजारच्याला नुसतं हलणारं उपरणं दिसतं. दोन्ही चेहरे असे, की जणू कुणाच्या दहाव्याला आलेत. मी मास्तर झालो, पण ही विद्या सोडली नाही. पोराला सहाव्या वर्षी शिकवली. गोळ्या-बिस्किटांचे सौदे आम्ही टॉवेलाखाली करायचो.

इकडे माझे दात इतके वाजत होते, की मी जुळलेला आहे हे अख्ख्या किनाऱ्याला कळलं असावं. पोराने जाकीट आणून अंगावर चढवलं. मी 'नको, नको' म्हणत दोन्ही हात बाह्यांत घातले.

परत कधी येणार, हे मी त्याला अकरा वर्षं फोनवर विचारतोय. "बघू" म्हणतो. मला त्या 'बघू'चा राग येतो. फोन ठेवला की त्याच्या आईवर काढतो. त्या दिवशी विचारलं नाही. चालता चालता त्याने माझ्या खिशात हात घातला, तेव्हा मी त्याचं एक बोट धरलं. तो समुद्राकडे बघत राहिला. मग त्याने माझी अख्खी मूठ धरली. पाच वर्षं, की नुसताच माझा हात गार लागला म्हणून? गाडीपर्यंत त्याने सोडली नाही आणि मीही सोडवली नाही.

जाकीट मी परत दिलं नाही. काष्टीत दारामागच्या खुंटीला आहे, मे महिन्यातसुद्धा.