बांबू आणि तळ

आमच्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत किती पाणी उरलंय, हे वॉचमन एका बांबूने सांगतो. झाकण उघडायचं, बांबू सोडायचा, टक्क आवाज आला की वर काढून ओल कुठवर चढलीय ते बघायचं. "साहेब, दीड वीत." विषय संपला. खांदा कॉलनीत चार उन्हाळे काढलेल्या माणसाला या शास्त्राची किंमत कळते. शेअर बाजारात बांबू सोडून तळ बघायची सोय नाही. तिथे बांबू लागतो तो आपल्याला.

तरी तळ शोधणाऱ्यांची आमच्याकडे वाण नाही. सकाळी खांदेश्वराच्या तळ्याकाठी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींत एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. त्यांच्या मते बाजाराला दर पाचशे अंकांवर सपोर्ट असतो. तो तुटला की खाली दुसरा असतो, तोही तुटला की तिसरा. गुडघ्याला मात्र त्यांनी एकच लावलाय. त्यांचं ऐकलं की माझ्या मनाचं तळ्यात-मळ्यात सुरू होतं.

२००८ साली मी नोकरीत होतो. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता. तो १८ हजारांवर आला तेव्हा आमच्या हार्बरच्या डब्यात एकमताने ठरलं, तळ आला. १५ हजारांवर पुन्हा एकमत झालं. ऑक्टोबरच्या २७ तारखेला तो ७,७००च्याही खाली डोकावला तेव्हा डब्यात कोणी बाजाराचं नाव काढेना. भजनात टाळ कुटणारे हात तेवढे वाढले. तोच तळ होता, पण सगळे अभंगात असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

यातून मी शहाणा झालो असेन, असा माझा समज २०२०पर्यंत टिकला.

१२ मार्च, गुरुवार. सेन्सेक्स २,९१९ अंकांनी आपटला. मी हललो नाही. शुक्रवारी बाजार उघडतो न उघडतो तोच लोअर सर्किट. दहा टक्के खाली, पंचेचाळीस मिनिटं सौदे बंद. तेवढ्यात माझे दोन चहा झाले आणि एका बोटाचं नख संपलं. सौदे पुन्हा सुरू झाले आणि बाजार असा उसळला, की बंद होताना आदल्या दिवसापेक्षा १,३२५ अंकांनी वर! इतका ठसठशीत तळ मी जन्मात पाहिला नव्हता. एफडी मोडून ठेवलेले सगळे पैसे ओतले. शनिवार-रविवार असे दोन दिवस मी हुशार होतो. तळ्याला दोन फेऱ्या जादा मारल्या, काकांना सपोर्ट समजावून सांगितला. सोमवारी बाजार २,७१३ अंकांनी पडला.

त्याच्या पुढच्या रविवारी, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, आम्ही गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. सोमवारी, २३ तारखेला, बाजाराने आमची वाजवली. पुन्हा सर्किट, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं, आणि एकूण घसरण ३,९३५ अंकांची. मी मोबाइल हातात धरून जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. वरणावर साय धरली होती.

"अहो, विकून टाका एकदाचे," बायको म्हणाली, "पण जेवून घ्या. मला भांडी घासायचीत." मदतीला येणाऱ्या मावशींना सुट्टी दिलेली होती, त्यामुळे तिच्या सल्ल्यामागचा हेतू शुद्ध होता.

विकले. सगळे. दहा दिवसांत पहिल्यांदा वरण-भाताला चव लागली.

त्या दिवशी सेन्सेक्स २५,९८१वर बंद झाला. मंगळवारी जरा आणखी खाली वाकून आला आणि वर निघाला. बुधवारी पाडवा होता, आमच्या गुढीच्या आधी त्याची उभी राहिली. वर्ष संपलं तेव्हा तो ४७ हजारांच्या पुढे होता आणि मी तेच शेअर, जवळपास दुप्पट भावाने, थोडे थोडे परत घेत होतो.

काकांनी मात्र या प्रकरणातून नेमकं ते उचललं. तेव्हापासून आमच्या सोसायटीत दोन बांबू आहेत, एक वॉचमनचा आणि दुसरा मी. बाजार घसरायला लागला की काकांचा फोन येतो.

"काय हो, विकलेत का?"

"छे, यंदा धीर धरलाय."

"बरं. मग मी थांबतो घ्यायचा."

गेल्या आठवड्यातही आला होता. मी अजून एकही शेअर विकलेला नाही.