बॅनर कुठे लावणार?

भातकापणी उरकली, झोडणी झाली, की शहापूर-मुरबाडकडच्या शेतांत क्रिकेट उगवतं. मांडव पडतो, कर्णे लागतात. चषक एका शेठचा, टी-शर्ट दुसऱ्याचे, पाण्याचे जार तिसऱ्याचे. माईकवरचा पोरगा मध्येच ओरडतो, "आपल्या सर्वांचे लाडके, वीटभट्टीचे मालक, यांच्याकडून पुढच्या षटकाराला पाचशे एक रुपये!" पुढच्याच चेंडूवर फलंदाजाचा त्रिफळा उडतो. शेठचे पाचशे एक खिशातच राहतात, नाव मात्र चार पाड्यांना ऐकू गेलेलं असतं. यापेक्षा किफायतशीर जाहिरात मी पाहिलेली नाही.

म्हणून भाचा म्हणाला, "मामा, पॉडकास्टला प्रायोजक पाहिजेत," तेव्हा मला वाटलं, हे तर दुपारच्या चहाआधी आटपणारं काम. तो राहतो आसनगावला, नोकरी मुंबईत. लोकलच्या प्रवासात हात दांड्याला अडकलेले असतात, कान मात्र मोकळे, हे त्याच्या लक्षात आलं. रविवारी तो मोबाइल आणि माईक घेऊन गावोगाव हिंडतो. पौष पौर्णिमेच्या म्हसे यात्रेत बैलाचा सौदा कसा ठरतो, ते सांगणारे आजोबा. लग्नातली गाणी म्हणणाऱ्या ठाकर बायका. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, त्या आठवणी वडिलांकडून ऐकलेली माणसं. पोरगा काम चोख करतो. खर्च मात्र पगारातून जातो, आणि पगारावर आमच्या बहिणीचं लक्ष असतं.

मी जन्मभर शिक्षक. बाजारपेठेतला निम्मा गल्ला माझ्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे. पहिलं दुकान बी-बियाणं आणि खतांचं.

"मास्तर, पॉडकास्ट म्हणजे रेडिओच ना?"

"रेडिओच. पण पाहिजे तेव्हा ऐकायचा."

"बरं. मग बॅनर कुठे लावणार?"

हा प्रश्न पुढे प्रत्येक दुकानात आला. मंगल कार्यालयवाल्याने विचारला, पोल्ट्रीवाल्याने विचारला. चूक त्यांची नाही. आमच्याकडे दिलेल्या पैशाला खांब लागतो. एसटीच्या शेडवर, शाळेच्या बाकावर, देवळातल्या पातेल्याच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'यांच्या स्मरणार्थ' दिसलं की देणाऱ्याचा जीव शांत होतो. आवाजाला काठ नाही, कोरणार कुठे? पुण्या-मुंबईकडचं 'मित्रम्हणे', 'थिंक बँक', 'अमुक तमुक' हे सगळं यूट्यूबवर दिसतंही, त्यामुळे 'तसलं करा ना, पाठीमागे आमचा बोर्ड येईल' हा सल्लाही फुकट मिळाला.

बियाण्याच्या दुकानात मी बिनाका काढली. "अरे, गीतमाला ऐकायचास की नाही? १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झाली. टूथपेस्टवाल्यांनी बॅनर कुठे लावला होता?" शेठचे डोळे चमकले. "अमीन सयानी!" मग दहा मिनिटं आम्ही दोघं सयानींच्या आवाजात बोलून पाहिलं. आकाशवाणी आधी जाहिरातींना नाक मुरडायची आणि १९६७ मध्ये विविध भारतीवर तिनेही जाहिराती सुरू केल्या, हेही मी ऐकवलं. शेठने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मास्तर, बिनाका देशभर विकली जायची. माझं बियाणं जातं डोळखांब, किन्हवली आणि फार तर धसईपर्यंत. तुमचं ऐकणारे कुठले?"

भाच्याने मोबाइल काढून दाखवला. ठाणे, पुणे, दुबई. दुबईत भाताचं बियाणं कोण घेणार?

जाहिरातीच्या धंद्यात भाव ठरतो हजार ऐकणाऱ्यांमागे. समजा हजारी पाचशे रुपये मिळाले आणि ऐकणारे तीनशे, तर हाती येतात दीडशे रुपये. एवढ्यात दोघांची मिसळ होते, तीही एक्स्ट्रा पाव न मागता. या हिशोबाने चाललं तर ठाकर बायकांची गाणी कधीच रेकॉर्ड होणार नाहीत.

एक जण मात्र आपणहून आला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, पण एनए प्लॉटवाले त्याच्या बरेच आधी सुरू झाले होते. त्यांतलेच हे गृहस्थ वर्षभराचे पैसे एकदम द्यायला तयार होते. अट एकच. जमीन विकून त्याच जमिनीवरच्या फार्महाऊसचा वॉचमन झालेल्या शेतकऱ्याची मुलाखत काढून टाकायची. भाचा नाही म्हणून आला. योग्यच केलं. तो आकडा मला अजून झोपेत आठवतो, ही गोष्ट वेगळी.

हिंडून एक कळलं. आमच्याकडे जाहिरातीसाठी कुणी दमडी देत नाही, देतो ते नावासाठी. आणि नाव ओळखीच्या माणसांत घेतलं जावं लागतं. ही हौस जुनी आहे. मुरबाडच्या वैशाखरेवरून नाणेघाट चढा, वर लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ केले त्यांची आणि दक्षिणा दिली तिची यादी: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं. राणी नागनिकेचं नाव दोन हजार वर्षं झाली तरी घाटावर आहे. बॅनर तेव्हा कातळात लावत.

अपवाद एकच, खुद्द शहापूर तालुका. १८९२ पासून तानसा धरण आहे, पुढे भातसा आलं, आणि मुंबईच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. तिकडे नळ सोडल्यावर 'सौजन्य: शहापूर' असं कुणी म्हणत नाही आणि इकडे उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. एवढा मोठा प्रायोजक आणि एकदाही नाव घेतलं गेलं नाही!

पुन्हा बियाण्याच्या दुकानात गेलो तेव्हा भाच्याने वाद घातलाच नाही. गल्ल्यापाशी उभं राहून मोबाइलवर दोन वाक्यं बोलला: दुकानाचं नाव, शेठच्या वडिलांचं नाव, गाव, आणि 'यांच्या सौजन्याने'. लगेच वाजवून दाखवलं. युरियाचं पोतं उचलणारे दोघे थबकले, शेठकडे बघायला लागले. शेठ म्हणाला, "परत लाव." परत लावलं. मग आतून मुलाला बोलावलं, मग बायकोला. तिने विचारलं, "हे दुबईला भावोजींना ऐकू जाईल?" जाईल म्हटल्यावर शेठने पाचशे एक रुपये काढले. धसई हे २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं, तेव्हा क्यूआर कोडचं कुणाला नवल नाही. पण शेठला पावती हवी होती. पॉडकास्टचं पावतीपुस्तक मी दुसऱ्या दिवशी छापायला टाकलं.

तेव्हा मंडळी, दर पुढीलप्रमाणे. एका भागाला पाचशे एक रुपये. नाव दोनदा, वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट, सावकाश घेतलं जाईल. कोणती मुलाखत ठेवायची ते भाचा ठरवेल. पावती जागेवर मिळेल. बॅनर नाही.