मुठीचं राजकारण

स्पिनिंग रॉड घेतला की मासा दुय्यम. आधी मुठीचा निकाल लागायला हवा. बुचाची की ईव्हीए फोमची? बूचपंथ जुना, म्हणून घराणेदार. पोर्तुगालातल्या बूच-ओकची साल नऊ-नऊ वर्षांनी सोलतात, तिच्या चकत्या चिकटवून ही मूठ घडते. स्वस्त मुठीतली भोकं भुसा आणि गोंदाने लिंपलेली असतात. ते लिंपण हळूहळू झडतं आणि घराणं उघडं पडतं. फोमवाल्यांना घराण्याचं काय? पुसलं की स्वच्छ.

तिसरा पंथ म्हणतो, मूठ मधोमध छाटाच. याला स्प्लिट ग्रिप म्हणतात. वजन काही ग्रॅमनी उतरतं, किंमत उतरत नाही. मग रॉड शेंड्याकडे झुकतो अशी कुरकुर सुरू होते आणि हेच गृहस्थ बुडाला वजनाच्या चकत्या बसवतात, छाटलं त्याहून भारी. वर बॅडमिंटनच्या रॅकेटची टेप.

एवढ्यात लक्षात येतं की मूठ कोपराला अडते. करवत निघते, हमी सहसा तिथेच संपते. आता कोपर मोकळं. पण दोन्ही हातांनी लांब फेकायचं तर दुसऱ्या हाताला धरायला काही उरलेलं नसतं. त्यासाठी वेगळा रॉड लागतो. लांब मुठीचा.