जावईबापू, ॲव्हरेज किती?

माणसं आणि माल धरून ८,५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ३,८५० किलोंच्या वरचा पिकअप ट्रक अमेरिकेत विकायचा असेल, तर तो एका गॅलनला किती मैल जातो याची चिठ्ठी काचेवर लावायची सक्ती नाही. कायद्यानेच तेवढी सूट दिली आहे. लहान गाडीनं किती प्यायलं याची सरकार चौकशी करतं, मोठीला कुणी काही विचारत नाही. हा नियम ज्यानं केला त्याला मराठी सासरे नसावेत.

मला आहेत. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, हाताला अजून ग्रीसचा वास आहे असं सासूबाईंचं म्हणणं. उन्हाळ्यात दोघं आमच्याकडे डेन्व्हरला आले आणि नेमकं त्याच सुमारास शेजाऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याचा ट्रक आणि कॅम्पर दारात उन्हं खात उभे होते. "न्या की मोॲबला, गाडी उभी राहून खराब होते," असं तो म्हणाला. बायकोनं लगेच होकार दिला. सासऱ्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला.

"जावईबापू, ॲव्हरेज किती?"

"कंपनी सांगत नाही, बाबा."

"सांगत नाही? लपवण्यासारखं आहे म्हणायचं."

ट्रक म्हणजे फोर्डची एफ-२५० सुपर ड्युटी. लांबी सव्वासहा मीटरच्या वर, ओढकामाचे मोठे आरसे धरून रुंदी जवळजवळ दोन मीटर सत्तर. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकातून ती आत आली असती, पण आरसे बाहेर वॉचमनकडे ठेवून. पायरीवर पाय ठेवून, खांबाचं हँडल धरून, "अगं आई गं" म्हणत वर चढावं लागतं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आपण एकदा बसलो की मुक्कामाला पोचेपर्यंत उतरणार नाही.

शेजाऱ्यानं कुबडी टेकत बॉनेट उघडलं, तेव्हा सासरे बंपरवर चढून आत डोकावले. आत ७.३ लिटरचं पेट्रोल व्ही-८. फोर्डनं हे २०२० साली आणलं आणि शौकिनांनी त्याचं नाव ठेवलं गॉडझिला. सासऱ्यांनी बोटांवर भागाकार केला.

"सात पॉइंट तीनला आठनं भागा. एकेका सिलिंडरला नऊशेच्या वर सीसी झाले. अहो, आपली मारुती एट हंड्रेड सगळी मिळून ७९६ सीसीची! तिची तिन्ही सिलिंडरं ह्याच्या एकात ओतली तरी वर एक कटिंग चहा मावेल."

मी मनात हिशेब करून पाहिला. खरंच मावतो.

पुढची तपासणी मात्र समाधानकारक झाली. ब्लॉक बिडाचा. कॅमशाफ्ट एकच, तीही ब्लॉकमध्येच, वर पुशरॉड. सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. टर्बो नाही, इंटरकूलर नाही. २०२० सालच्या अमेरिकेत इतकं सरळमार्गी इंजिन निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "हे मी उघडून परत बसवीन," ते म्हणाले. शेजाऱ्याला मराठी येत नाही हे त्याचं नशीब. पण मग त्यांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि चेहरा पडला. एवढं मोठं इंजिन, एवढं ओझं ओढणार, आणि आत पेट्रोल! हयातभर डिझेलच्या धुरात उभं राहिलेल्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं.

शेजाऱ्यानं त्याचा हिशेब मांडला. हाच ट्रक डिझेल इंजिनाचा घ्यायचा तर जवळपास दहा हजार डॉलर जास्त. टॉर्क मात्र दुपटीहून अधिक, पेट्रोलचा ४७५ पौंड-फूट तर डिझेलचा १,०५०. पण त्यासोबत धूर शुद्ध करणारं डीईएफ भरा, डिझेलचे फिल्टर बदला, शिवाय डिझेल इंजिनच इतकं जड की गाडीत घालायच्या मालाचे काही शे पौंड तेच खाऊन टाकतं. "मी वर्षातून चार शनिवार-रविवार कॅम्पर ओढतो. एरवी दुकानातून फळ्या आणतो. दहा हजार डॉलरचं पेट्रोल मला जन्मभर पुरेल."

"माणूस हिशेबी आहे," सासरे मला म्हणाले. "चुकलाय, पण हिशेबी आहे."

कॅम्पर जोडण्याआधी आम्ही रिकामा ट्रक घेऊन वाणसामानाला गेलो. ह्या गाडीची खरी ओळख तिथं झाली. मागच्या ॲक्सलवर कमानपाटे आहेत, ते बांधलेत टनभर ओझ्यासाठी. टायरांत हवा ठासून. वर ओझं म्हणाल तर कोथिंबिरीच्या चार जुड्या. काँक्रीटच्या रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीच्या मणक्यापर्यंत पोचत होता आणि मागचा भाग वळणावर थोडा बाजूला उडी मारत होता. पुढेही अखंड ॲक्सल, त्यामुळे स्टेअरिंगला मध्यात जरा ढिलाई. गाडी सरळ जात असतानासुद्धा तिला अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. पायाखाली चारशे तीस घोडे, हलकासा दाब दिला तरी उधळणार. सासूबाईंच्या मांडीवरून पालेभाजी उडाली ती मागच्या काचेपाशी सापडली.

दुसऱ्या दिवशी कॅम्पर जोडला. तीन टनांचा, आत स्वयंपाकघर, दोन पलंग, सासूबाईंचा कुकर आणि वीस पौंड आंबेमोहर. त्याच्या वजनातला आठव्या-दहाव्या हिश्श्याचा भार ट्रकच्या मागच्या हुकावर येतो. तो येताच पाटे दबले, शेपूट खाली आलं, आणि गाडी एकदम शहाणी झाली. सांधे लागेनात, वळणावर उडी नाही, स्टेअरिंग जागेवर. लग्नाआधीच्या पोरासारखीच आहे ही: रिकामी असली की हुंदडते, मागे प्रपंच जोडला की सरळ चालते. सासऱ्यांनी हे वाक्य ऐकून माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून जेमतेम सव्वाशे फूट खाली एक अख्खं शहर वसलंय. आणि तिथून पश्चिमेला निघालं की घाट सुरू होतो, तो थेट आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, ११,१५८ फुटांवर. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवरची ही सगळ्यात उंच जागा, १९७३ पासून सुरू. इथं टर्बो नसलेल्या इंजिनाची परीक्षा असते, कारण दर हजार फुटांना त्याची साधारण तीन टक्के ताकद हवेच्या विरळपणात विरते. समुद्रसपाटीचे चारशे तीस घोडे वर पोचेपर्यंत तीनशेच्या आत येतात. बाकीचे बहुधा जॉर्जटाऊनला चहाला थांबतात.

आणि पेट्रोल इंजिनाला ताकद हवी तर ते पळवावं लागतं. ह्याची पुरी ताकद ५,५०० आरपीएमला. गिअरबॉक्स दहा गिअरचा, स्वयंचलित. चढ लागला तसा तो पटापट खाली आला आणि काटा साडेचार हजारांवर जाऊन बसला. आवाज असा की पुढं बोलणं बंद. ज्या माणसानं आयुष्यभर दोन हजार आरपीएमच्या इंजिनांची नाडी पाहिली, त्यानं दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले.

"गिअर टाका, जावईबापू!"

"टाकलाय, बाबा. त्यानंच."

"मग वरचा टाका!"

"वरचा टाकला तर थांबेल."

"आमच्या टाटाच्या गाडीला ६९७ इंजिन. पावणेसहा लिटर. पन्नास माणसं, वर टपावर सामान, आणि खंबाटकी अशी चढायची..." त्यांनी हात वर नेला, पण कशी ते सांगितलं नाही. शेजारून एक डिझेल पिकअप आमच्याहून मोठा कॅम्पर घेऊन निवांत गुरगुरत पुढं गेला. सासऱ्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं त्यांनी कुठल्याही जावयाकडे पाहिलेलं नाही. मागून सासूबाईंनी विचारलं, "अहो, गाडी एवढी का ओरडतेय?"

"पितेय," सासरे म्हणाले. "पिताना कुणी एवढं ओरडतं का? पण पितेय."

खरं तर इंजिनाला काहीच होत नव्हतं. तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता. पाचेक हजार आरपीएमवर दहा-पंधरा मिनिटं धावणं हे त्याचं रोजचं काम, त्यासाठीच बिडाचा ब्लॉक. आवाज फक्त आपल्या मनाला होतो.

बोगदा संपला की उतार. आठेक मैल, सहा-सात टक्क्यांचा, आणि ब्रेक फेल झालेल्या ट्रकांना आडवं शिरायला बाजूला खडीची चढण. ती पाहून सासरे सावरून बसले. आता त्यांचा प्रांत होता. "ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर लायनर जळतील." मी टो-हॉलचं, म्हणजे ओढकामाचं, बटण दाबलेलंच होतं. ब्रेकला एकदा हलकेच पाय लावला, आणि गाडीनं आपणहून दोन गिअर खाली टाकले, इंजिन पुन्हा गर्जलं आणि वेग जागच्या जागी धरून राहिला. सासरे पडद्यावरचा गिअरचा आकडा पाहत राहिले.

"हे कुणी टाकलं?"

"गाडीनं."

"शिकवलंय का तिला?" बराच वेळ गप्प राहून मग म्हणाले, "चांगला ड्रायव्हर आहे आत."

खाली पेट्रोल पंपावर तीन नळ: ८५, ८७, ९१. डोंगरात ८५ ऑक्टेन 'रेग्युलर' म्हणून विकतात. कार्बोरेटरच्या काळात विरळ हवेत ते चालून जायचं, आजच्या इंजिनांना कंपन्या किमान ८७ च सांगतात. सासऱ्यांनी स्वस्ताकडे बोट केलं, मी मॅन्युअल दाखवलं, त्यांनी मॅन्युअल वाचलं. टाकी ३४ गॅलनची, म्हणजे १२९ लिटर. आकडा फिरत राहिला. सासऱ्यांनी खिशातून वही काढली. मीटर, लिटर, भागाकार, आणि निकाल: लिटरला साडेतीन किलोमीटर. वही बंद करून त्यांनी पंपाकडे पाठ केली. ग्लेनवूड कॅनियनच्या खांबांवर उचललेल्या रस्त्यावरून, कोलोरॅडो नदीच्या कडेनं जाताना सगळे डोंगर पाहत होते, ते वहीत पाहत होते.

मोॲबला कॅम्पर जागेवर रिव्हर्स लावायचा होता. सासरे मागे उभे राहिले. "येऊ द्या... येऊ द्या... डावी मारा... बास!" आणि कंडक्टरी सवयीनं पत्र्यावर थाप. थाप बद्द वाजली. ते थबकले. कॅम्परच्या फ्रिजवरचं लोहचुंबक आणून ट्रकच्या दाराला लावलं. गळून पडलं. बॉनेटला लावलं. पडलं. २०१७ पासून ह्या ट्रकची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग आमच्या जुन्या लाल गाड्यांचा पत्रा तरी कशाचा होता? ॲल्युमिनियमचाच!" मग त्यांनी ट्रकच्या फेंडरवरून हात फिरवला आणि धूळ आपल्या रुमालानं पुसली.

तेवढ्यात शेजारच्या जागेवर डिझेल पिकअप येऊन थांबला. त्यातून उतरलेल्या गृहस्थानं आमच्या ट्रकवरचा ७.३ चा बिल्ला पाहिला आणि दयेनं विचारलं, "गॅस इंजिन? घाटात काय प्यायलं असेल!"

मी अनुवाद करायच्या आत सासरे पुढं झाले.

"युवर ॲव्हरेज, हाऊ मच?"

"ओढताना बारा मैल गॅलनला," तो अभिमानानं म्हणाला.

सासऱ्यांनी वही उघडली. "फाइव्ह पॉइंट वन. गुड. बट टेन थाउजंड डॉलर एक्स्ट्रा यू पेड? अँड फिल्टर? अँड डीईएफ?" प्रत्येक आकड्यागणिक त्यांनी एकेक ओळ ओढली, खाली बेरीज केली आणि वही त्याच्यासमोर धरली. "नाऊ यू टेल, हू इज ड्रिंकिंग?"

तो गृहस्थ खुर्ची ओढून बसला. सासूबाईंनी विचारलं, भात आपल्यापुरताच लावू की त्याचाही.