कोश आणि रामभाऊ

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या मुलाचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर असावं. बाकी सगळ्यांसाठी तो 'कोश'. त्याच्या आजोबांनी मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे मराठी विश्वकोशाचे वीस खंड. पहिला निघाला १९७६ साली, विसावा २०१५ साली. तर्कतीर्थांनी वाईला मांडलेलं ते काम पुरं होईस्तोवर आजोबांनी दोन नोकऱ्या, तीन घरं आणि तोंडातले सगळे दात बदलले, पण एक खंड चुकवला नाही. नातवाला वाचता येऊ लागल्यावर त्यानं 'अ'पासून सुरुवात केली. त्यामुळे त्याचं ज्ञान वर्णक्रमानं वाढत गेलं. तिसरीत असताना त्याला ऑस्ट्रेलियाबद्दल वाटेल ते विचारावं. गाईबद्दल विचारलं की "अजून ग यायचाय," असं तो आईच्या कानात सांगे आणि आई आम्हाला.

हे आईच्या कानाचं प्रकरण पुढे बरीच वर्षं चाललं. पाहुणे आले की कोश पडद्यामागे जाई. पडदा आखूड असल्यानं पाहुणे त्याच्या पावलांशी बोलत. वाण्याकडे अर्धा किलो साखर आणायला पाठवलं तर हात हलवत परत येई. कारण दुकानात रांग नव्हती, घोळका होता, आणि घोळक्यात आपला नंबर कधी लागला हे कसं ठरवायचं?

अशा मुलांना लोक लाजाळू म्हणतात. मला ती कंजूष वाटतात. शंभर टक्के खात्री असल्याशिवाय एक शब्द खर्चायचा नाही! सहावीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची लेखी परीक्षा त्यानं सहज काढली, प्रात्यक्षिकही काढलं. मुलाखतीत परीक्षकांनी, पोरगं जरा मोकळं व्हावं म्हणून, नाव विचारलं. कोश विचारात पडला. नुसतं नाव, वडिलांच्या नावासकट, की घरी म्हणतात ते? प्रश्न पुरेसा स्पष्ट नव्हता. तो मनाशी स्पष्ट होईपर्यंत वेळ संपली.

वडिलांनी उपाय केले. अबॅकस झालं, मल्लखांब झाला, व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिरही झालं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलानं खुर्चीवर उभं राहून 'मी करू शकतो' असं ओरडायचं होतं. कोश उभा राहिला आणि खुर्चीचा मागचा डावा पाय लंगडा आहे एवढंच म्हणाला. तेही खुर्चीलाच ऐकू जाईल इतक्या बेतानं.

मग एका रविवारी आई कुत्रा घेऊन आली. तिच्या ऑफिसातलं एक कुटुंब परदेशी निघालं होतं आणि कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न होता. वडिलांनी होकार देताना मनात पामेरियन धरला होता. दारात जे उभं होतं ते ग्रेट डेन होतं. खांदा जेवणाच्या टेबलाला लागत होता आणि वजन ६८ किलो. वडील म्हणाले, "हे चारच दिवस ना?" आई म्हणाली, "आत तर येऊ दे." आत आल्यावर वडिलांना बाल्कनीत जावं लागलं, कारण दिवाणखान्यात जागा उरली नाही.

कुत्र्याचं मूळ नाव रॅम्बो. आजींनी पहिल्याच संध्याकाळी त्याचं रामभाऊ केलं. त्यांच्या चुलतसासऱ्यांचं नाव रामभाऊ असल्यानं त्या त्याला अहोजाहो करतात. "रामभाऊ, सरका जरा, केर काढायचाय." रामभाऊ सरकतात. मोठे समंजस आहेत. फक्त कुकरच्या शिट्टीला, मिक्सरला, भंगारवाल्याच्या भोंग्याला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरीला भितात. ज्यांच्या पूर्वजांनी जर्मनीत रानडुकरांची शिकार केली, ते पहिली शिट्टी होताच थरथरत कोशच्या पाठीमागे दडले. कोशचं वजन तेव्हा ३४ किलो. एवढ्याशा पोरामागे ते धूड जेमतेम एक कान झाकून उभं राहिलं. त्या दिवसापासून पडद्यामागची जागा कोशला वापरता आली नाही. तिथं रामभाऊ असत.

खरी क्रांती रस्त्यावर झाली. इतकी वर्षं कोशकडे उत्तरं होती, पण त्या उत्तरांचे प्रश्न कुणी विचारत नसे. ऑस्ट्रेलियातल्या पर्जन्यमानाची कर्वे रोडवर कुणाला गरज पडते? आता पट्टा हातात घेऊन तो फाटकाबाहेर पडला की पावलापावलाला माणूस थांबू लागला. प्रश्न ठरलेले, आणि त्यांची उत्तरं मात्र कोशकडे शंभर टक्के खात्रीची.

"चावतो का रे?"

"बेचाळीस दात आहेत. अजून वापरलेले नाहीत."

"डेन म्हणजे डेन्मार्कचा ना?"

"जर्मनीचा. डेन्मार्कचं नाव फ्रेंचांनी चिकटवलं."

सुरुवातीला हे तो कुत्र्याकडे बघून सांगे. महिन्याभरात माणसाकडे बघून सांगू लागला. पुढे माणसानं न विचारताही सांगू लागला. वाण्याच्या दुकानात तर रामभाऊ आल्याबरोबर घोळक्याची आपोआप रांग होई आणि तिचं पहिलं टोक कोशच्या हातात येई.

एक प्रश्न तेवढा तो टाळतो. किती वर्षं जगतात ही, असं कुणी विचारलं की पट्टा ओढून पुढे निघतो. विश्वकोश पाठ असलेल्या मुलाला ७ ते १० हा आकडा माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

घरातही राज्य पालटलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, कांदा रक्ताला वाईट, हे त्यानं फळ्यावर लिहून स्वयंपाकघरात टांगलं. आजींचा शिरा बेदाण्यांशिवाय होऊ लागला. "घरातल्या माणसांच्या मूत्रपिंडाची कुणाला पडलीय!" असं त्या म्हणतात, पण रामभाऊंच्या ताटलीतला दहीभात स्वतः निववतात.

आणि मग सोसायटीची वार्षिक सभा आली. सेक्रेटरीकाकांनी ठराव मांडला की सदर श्वानास लिफ्ट वापरण्यास मनाई करावी. वडील उठायच्या आत मागून आवाज आला. पातळ, पण स्वच्छ.

"काका, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव प्राण्यांना लिफ्टबंदी करता येत नाही."

सभा गप्प. इथं थांबला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण इतकी वर्षं शब्द साठवलेला माणूस एकदा सुटला की थांबत नाही.

"शिवाय आपल्या लिफ्टवर लिहिलंय, सहा माणसे, ४०८ किलो. म्हणजे लिफ्टच्या हिशेबानं एक माणूस ६८ किलोचा. रामभाऊ बरोबर ६८ किलोचे आहेत. मी ३४, म्हणजे अर्धा. काका, तुम्ही परवा गच्चीवर म्हणालात, वजन ९४ झालंय. तुम्ही एक पूर्णांक अडतीस शतांश माणूस आहात. म्हणजे या लिफ्टच्या दृष्टीनं इथं रामभाऊंइतका नेमका माणूस दुसरा कुणी नाही."

ठराव बारगळला. त्यानंतर मात्र सोसायटीची शांतता गेली. कोशनं सूचनाफलकावरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनानं सुधारल्या, पाण्याच्या टाकीचं घनफळ काढून टँकरवाल्याला गाठलं, आणि आरतीत आम्ही कुठल्या ओळीत काय चुकीचं म्हणतो ते गणपतीसमोर सांगितलं. पडद्याखालच्या त्या दोन पावलांची आठवण काढणारे सभासद वाढत चालले आहेत. उघडपणे कुणी बोलत नाही, कारण त्याला ऐकू येईल.

गंमत अशी की रामभाऊंनी आजवर लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. दार सरकलं की ते जमिनीवर बसकण मारतात. त्यामुळे ते जिन्यानं जातात. सभेपासून सेक्रेटरीकाकाही जिन्यानं जातात. काल दुसऱ्या मजल्यावर दोघं एकाच पायरीवर धापा टाकत उभे होते. कोशनं आधी काकांकडे पाहिलं, मग रामभाऊंकडे.

"कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, काका. म्हणून तो असा जीभ काढून अंग गार करतो," तो म्हणाला. "तुमचं कारण वेगळं आहे."