श्रीयुत पीएचपीरावांस, खामगावहून

श्रीयुत पीएचपीराव यांस,



वेबसाइटी बनवण्यासाठी आपली प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारा मी एक नवशिका विद्यार्थी. आमचं खामगाव आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. आपल्या लेखी ते अठरा अक्षरांचं गाव आहे. रागावू नका, आपणच तसं सांगितलंत. 'खामगाव' हा शब्द आपल्या 'स्ट्रलेन' या फंक्शनपुढे ठेवून लांबी विचारली, तर उत्तर आलं १८. आमच्याकडे बालवाडीतलं पोरगंही बोटांवर मोजून चार सांगतं. पायथन आणि जावास्क्रिप्ट या आपल्या भाऊबंद भाषा काने वेगळे धरून सहा म्हणतात. तेही चूकच, पण निदान कशी झाली ते कळतं. आपण मात्र बाइट मोजत बसता, देवनागरीच्या दर चिन्हामागे तीन. तुकडा कापून देणाऱ्या 'सबस्ट्र'कडे याच शब्दाची पहिली चार अक्षरं मागितली, तर 'ख' आणि कान्याचा एक तृतीयांश तुकडा हातात येतो. बाराखडीत हा प्रकार आमच्या गुरुजींनी शिकवला नव्हता.

यावर 'एमबी_स्ट्रलेन' हा उपाय आहे, हे मला माहीत आहे. त्यालाही सहाच दिसतात, आणि त्यासाठी एक वेगळं एक्सटेन्शन चालू असावं लागतं. म्हणजे मराठीसाठी स्वतंत्र खिडकी. मुळापासून युनिकोड समजणारी आपली सहावी आवृत्ती यायची होती. २०१० मध्ये तो बेत गुंडाळलात आणि २०१५ मध्ये पाचानंतर थेट सात मोजलेत. मोजण्यातला आपला हातखंडा घरापासूनच सुरू होतो म्हणायचा.

पण मुख्य तक्रार वजनाची आहे. खामगावची चांदी शुद्धतेसाठी ओळखली जाते. इथे काटा जरा हलला तरी गिऱ्हाईक मान वर करतं. अशा गावात सराफासाठी वजनाचा फॉर्म केला. एका खान्यात कुणी इंग्रजी आकड्यात 'दोन किलो' लिहिलं, दुसऱ्यात 'पाचशे ग्रॅम', आणि दोन्हींमध्ये अधिकचं चिन्ह. आपलं उत्तर: ५०२. किलो गेले, ग्रॅम गेले, उरले नुसते आकडे. पायथन हे दोन मजकूर शेजारी शेजारी चिकटवतो. ते पाहून आंधळाही म्हणेल की काहीतरी बिघडलंय. एका बाजूला खरा आकडा असेल तर तो बेरीज करायला सरळ नकार देतो. आपण मात्र तोंडातल्या तोंडात एक वॉर्निंग पुटपुटता, सर्व्हरवर तीही बहुधा बंद करून ठेवलेली असते, आणि ५०२ रुबाबात पडद्यावर झळकतं. "काहून बा, अडीच किलोचे पाचशे दोन कशे झाले?" असं दुकानदाराने विचारलं, तर उत्तर द्यायला आपण थोडेच येणार?

आमच्या देवनागरी आकड्यांचं तर विचारूच नका. '२५' असं लिहून त्याचा पूर्णांक मागितला की आपण शून्य देता. पायथन निमूट पंचवीस देतो.

आपल्या फंक्शनांच्या नावांचा संसार वेगळाच. 'स्ट्रपॉस'मध्ये अंडरस्कोर नाही, 'स्ट्र_रिप्लेस'मध्ये आहे. 'इन_ॲरे'मध्ये जे शोधायचं ते आधी, 'स्ट्रपॉस'मध्ये ज्यात शोधायचं ते आधी. व्हेरिएबलच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक पाळता, फंक्शनच्या नावात पाळत नाही. डॉलर प्रत्येक व्हेरिएबलच्या कपाळी, अर्धविराम प्रत्येक ओळीच्या शेपटाला. पायथनवरून आलेल्या माणसाची बोटं आठवडाभर दुखतात, पण त्याचं मला विशेष वाटत नाही. टिंबाने मजकूर जोडता, तेही चालेल. अधिकचं चिन्ह निदान हिशेबापुरतं राखलंत. (हिशेब कसा करता ते वर आलंच.)

नावांच्या गोंधळाचं कारण आपले जनक रासमुस लेरडॉर्फ यांनीच नंतर सांगितलं. सुरुवातीला फंक्शनं शंभराच्या आत होती आणि नावाच्या लांबीवरून ती वेगवेगळ्या कप्प्यांत टाकली जात. म्हणून लांबी निरनिराळी यावी अशी नावं शोधली, आणि 'एचटीएमएलस्पेशलचार्स'सारखी मालगाडी जन्माला आली. म्हणजे इथेही आरोपी 'स्ट्रलेन'च! त्यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी लिहिलेली साधनं १९९५ मध्ये जगाला दिली. घरगुती सोय होती. गावजेवण होईल हे त्यांनाही ठाऊक नसावं.

आता उपकारही मानतो. २००३ पासूनचा मराठी विकिपीडिया आपल्याच जिवावर चालतो, आणि तिथे 'खामगाव' अख्खं उमटतं. वर्डप्रेसवरचे मराठी ब्लॉगही आपलेच. स्वस्तातलं होस्टिंग घ्या, फाइल चढवा, पान उघडा, काम सुरू. हे सुख दुसरीकडे इतक्या लवकर मिळत नाही. २०२० च्या आठव्या आवृत्तीत शून्य आणि 'चांदी' हा मजकूर एकच, असं म्हणणंही आपण सोडलंत. उशिरा का होईना.

तर मागणी एकच. खान्यात नुसतं 'किलो' लिहिलं, तर आठव्या आवृत्तीपासून आपण बेरीज करायला नकार देता. मग 'दोन किलो'लाही तोच नकार द्या. तोवर फॉर्म करणाऱ्या माझ्यासारख्यांनी आकडा आणि एकक वेगवेगळ्या खान्यांत घ्यावं आणि आपल्यावर विसंबू नये.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, वजन बरोबर असावे ही विनंती.

आपला,
एक नवशिका, खामगाव