पिंपातलं आउटबोर्ड

मराठी माणूस दिल्लीकडे राहायला आला की होडी, मासे आणि समुद्र या विषयांतला तज्ज्ञ ठरतो. मी दादरचा, होडीत पाय ठेवला की मला मळमळतं. पण ऐकतो कोण? "आप तो समुंदरवाले हो, भाईसाहब," म्हणत आमच्या नोएडाच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ मला इमारतीमागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेले. तिथे निळ्या पिंपातल्या पाण्यात एक जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, उभं होतं.

2023 च्या जुलैत यमुना जुन्या लोखंडी पुलापाशी 208.66 मीटरवर गेली आणि 1978 चा 207.49 मीटरचा विक्रम मोडला. लाल किल्ल्याच्या भिंतींना पाणी लागलं. जिथे एरवी गाड्या तुंबतात, तिथून एनडीआरएफचे जवान रबरी होड्यांतून माणसं काढत होते. ते पाहून गृहस्थांनी हे इंजिन घेतलं. होडी अजून घ्यायची आहे.

तक्रार अशी, की इंजिन दणक्यात सुरू होतं, मग जोर ओसरतो आणि बंद पडतं. जरा थांबलं की पुन्हा चालतं. सोसायटीत निदानांना तोटा नव्हता. एकाला प्लग बदलायचा होता. दुसऱ्याने पेट्रोलमधल्या इथेनॉलला दोष दिला, आणि तो अगदीच अडाणी नव्हता. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी पाणी साठतं.

मी मालवणच्या मामेभावाला फोन लावला. "आधी टाकीच्या बुचाचो स्क्रू सोडलंस काय ता बघ," तो म्हणाला. स्क्रू घट्ट होता आणि नळीतला रबरी फुगा चपटा पडला होता. पेट्रोल बाहेर जायचं, त्याच्या जागी हवा आत यायची नाही. मग इंजिन ओढून ओढून ओढणार किती?

खऱ्या यमुनेत तर यापुढची दुखणी. वजिराबाद ते ओखला हे जेमतेम 22 किलोमीटरचं अंतर, पण नदीतली बहुतेक घाण इथलीच. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या जाळीवर पॉलिथिनची पिशवी बसली की ते तापतं, मागून पडणारी पाण्याची बारीक धार आटते. निर्माल्याचा दोरा पंख्याला गुंडाळतो. पुरात तर खुद्द आयटीओ बंधाऱ्याच्या 32 पैकी 5 दरवाजांत गाळ अडकला आणि ते उघडायला नौदलाचे पाणबुडे आणावे लागले.

मला आवडलेलं दुखणं मात्र वेगळंच. दगडावर आपटल्यास गिअर वाचावेत म्हणून पंख्याच्या मध्यभागी रबर असतं. ते सुटलं की इंजिन गर्जतं, पंखा आळसावतो, होडी जागची हलत नाही. हे लक्षण ल्युटेन्सच्या दिल्लीत माजी मंत्र्यांमध्येही आढळतं.

ओल एविनरूडने 1909 मध्ये अमेरिकेत आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं. प्रेयसीसाठी होडी वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वाटेत वितळलं आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. दिल्लीच्या उन्हात वितळलेल्या आइस्क्रीममधून अजून कुणाला काही सुचल्याचं ऐकिवात नाही.

स्क्रू सैल केला आणि इंजिन सुरळीत चालू लागलं. गृहस्थ थोडे हिरमुसले. कार्ब्युरेटर उघडायला त्यांनी पान्यांचा नवा संच आणला होता. आता ते होडी शोधताहेत आणि सोसायटीचा माळी पिंप.